जन्मठेप म्हणजे नेमकी किती वर्षं? एका प्रत्यार्पणाची पार्श्वभूमी

एका हद्दीतून निसटायचं आणि दुसऱ्या हद्दीत आसरा घ्यायचा, हा खेळ सातारा-सांगलीला नवा नाही. १९४८ मध्ये संस्थानं विलीन होईपर्यंत इकडे एका गावात इंग्रजांचा अंमल, तर शेजारच्या गावात औंध, जत किंवा सांगलीचा. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या भूमिगतांना हद्द ओलांडण्याचं मोल पुरतं ठाऊक होतं. त्यांचं केंद्र असलेलं कुंडल औंध संस्थानात होतं. त्याच संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तुरुंग, पण भिंतीविना. कैदी बायकापोरांसह शेती करायचे.

आजचा गुंता, म्हणजे जन्मठेप झालेल्या अबू सालेमला २५ वर्षांनी सोडायचं का हा, मात्र पोर्तुगालमधून आला. तिथे कैदेची कमाल मर्यादा २५ वर्षं. मुंबई स्फोटांतला हा आरोपी २००२ मध्ये लिस्बनला सापडला, तेव्हा फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैदही नाही, असं भारत सरकारने लिहून दिलं. त्यावर तो २००५ मध्ये ताब्यात मिळाला.

फाशी टाळण्याची सोय कायद्यात आधीच होती. फाशी नसलेल्या देशाने आरोपी सोपवला तर फार तर जन्मठेप, असं प्रत्यार्पण कायद्याचं कलम ३४-सी सांगतं. अडलं ते जन्मठेपेपाशी. पारावर विचाराल तर उत्तर ठरलेलं: चौदा वर्षं. प्रत्यक्षात १४ हा आकडा ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला किमान किती काळ सोडायचं नाही, यासाठी १९७८ मध्ये आला. जुन्या दंडसंहितेतला २० चा आकडा शिक्षेचे अर्धा, पाव असे अपूर्णांक काढण्यापुरता. सर्वोच्च न्यायालयाने तर १९६१ मध्येच स्पष्ट केलं होतं की, सूट मिळाली नाही तर जन्मठेप मरेपर्यंत.

मग २०१५ आणि २०१७ मध्ये त्याला जन्मठेप झाली तेव्हा दिलेल्या शब्दाचं काय? शब्द सरकारचा, न्यायालयावर बंधनकारक नाही, ही सरकारी भूमिका कायद्याला धरून होती. पण २५ वर्षं भरतील तेव्हा बघू, हा सूर शब्द देणाऱ्याला शोभणारा नव्हता. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: जन्मठेप कायम, मात्र २५ वर्षं भरताच सुटकेसाठी राष्ट्रपतींना सल्ला देणं सरकारवर बंधनकारक. मोजणी १२ ऑक्टोबर २००५ पासून. लिस्बनच्या कोठडीतला काळ धरावा, ही आरोपीची मागणी फेटाळली.

आता परदेशी न्यायालयं नुसत्या शब्दावर थांबत नाहीत. २०१८ मध्ये एका कर्जबुडव्या उद्योगपतीच्या प्रत्यार्पण खटल्यात लंडनच्या न्यायाधीशांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या १२ नंबर बराकीचं चित्रीकरण मागवलं, तेही भरदुपारचं, आत उजेड येतो का ते पाहायला.