अर्ध्या तासाचा प्रकाश, दहा वर्षांचा हिशेब

दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदलणारं मूल घरात असलं की दोष बहुधा मोबाइलवर जातो. पण काही मुलांचा सिलिंड्रिकल नंबरच, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे लागणारा नंबर, झपाट्याने वाढत असतो. नवा चष्मा घालूनही फळ्यावरची अक्षरं दुहेरी दिसतात, रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपट्या फुटतात. अशा वेळी कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या वक्रतेचा नकाशा, करून घ्यायलाच हवी, कारण हा केराटोकोनस असू शकतो.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि त्यात कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे शेकडो थर. केराटोकोनसमध्ये ही वीण सैल पडते. पडदा पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. एकदा शंकू झाला की साध्या चष्म्याने भागत नाही; कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागते, आणि फारच वाढला तर कॉर्नियाचं रोपण.

हा रोग मध्येच थांबवता येईल, असं विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हतं. वाट दाखवली ती दोन जुन्या निरीक्षणांनी. वय वाढतं तसं कोलॅजन आपोआप ताठर होतं, म्हणून चाळिशीच्या आसपास हा रोग सहसा थंडावतो. मधुमेह असलेल्यांमध्ये तो कमी दिसतो, कारण रक्तातली साखर तंतूंना एकमेकांशी जखडते. मग जे व्हायला निसर्गाला वीस वर्षं लागतात ते एका बैठकीत करता येईल का? जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात थिओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेनझाक यांनी ते करून दाखवलं. तंतूंमध्ये नवे बंध घालणाऱ्या या उपचाराला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. २००३ साली त्यांनी २३ डोळ्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांची कृती आजही प्रमाण मानली जाते. डोळा थेंबांनी बधिर करून कॉर्नियाची सगळ्यात वरची नाजूक साल हलकेच खरवडतात. मग अर्धा तास, दर काही मिनिटांनी, रायबोफ्लेविनचे पिवळे थेंब. रायबोफ्लेविन म्हणजे जीवनसत्त्व बी-२. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते ती याच्यामुळेच. ते आत मुरलं की आणखी अर्धा तास अतिनील-ए किरणांचा मंद झोत. किरण पडताच रायबोफ्लेविन ऑक्सिजनला क्रियाशील बनवतं आणि तो तंतूंमध्ये नवे रासायनिक बंध घालतो. आतल्या पेशींना इजा होऊ नये म्हणून कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन (०.४ मिलिमीटर) जाड असावा लागतो. पुढचे दोन-तीन दिवस मात्र चांगलेच दुखतात, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं. हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवं.

आता खरा प्रश्न: हे बंध टिकतात का?

ड्रेस्डेनच्याच गटाने २०१५ साली ३४ डोळ्यांचे दहा वर्षांनंतरचे आकडे मांडले. शंकूच्या टोकाची वक्रता सरासरी ६१.५ डायॉप्टरवरून (हे वक्रतेचं माप; आकडा मोठा तितका बाक जास्त) ५५.३ वर आली होती. निरोगी कॉर्नियाची वक्रता ४३-४४ च्या आसपास असते, हे लक्षात घेतलं की दोन गोष्टी एकदम दिसतात. शंकू वाढायचा थांबला, किंबहुना थोडा सपाटही झाला; पण डोळा मूळ आकाराला परतला नाही. दोन डोळ्यांवर उपचार पुन्हा करावा लागला. या अभ्यासात तुलनेसाठी उपचार न केलेला गट नव्हता. ती उणीव मेलबर्नच्या चाचणीने भरून काढली: तीन वर्षांत उपचार न केलेल्या डोळ्यांची वक्रता सरासरी १.७५ डायॉप्टरने वाढली, उपचार केलेल्यांची सुमारे एकाने उतरली.

म्हणूनच ‘लेझर करून नंबर घालवतात तसंच ना हे?’ या प्रश्नाचं उत्तर ठाम नकारार्थी आहे. क्रॉस-लिंकिंग आहे ती दृष्टी राखण्यासाठी. चष्मा किंवा लेन्स नंतरही लागतेच. ही अपेक्षा आधी नीट समजावली नाही, तर यशस्वी उपचारही रुग्णाला फसल्यासारखा वाटतो.

मुलांचं गणित अधिक निकडीचं. त्यांचा कॉर्निया मऊ असतो, म्हणून रोग वेगाने धावतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वयाच्या ६० मुलांवर झालेल्या चाचणीत दीड वर्षात उपचार न केलेल्या गटातल्या ४३ टक्के मुलांचा रोग पुढे सरकला, उपचार केलेल्यांत फक्त ७ टक्के. इटलीतल्या सिएनाच्या दहा वर्षांच्या पाहणीत सुमारे ८० टक्के लहानग्यांचे डोळे स्थिर राहिले. उरलेल्यांसाठी वर्षानुवर्षं टोपोग्राफी करत राहणं भागच आहे.

या उपचाराचं मोल मला सगळ्यात जास्त जाणवतं ते रोपणांच्या नोंदींत. क्रॉस-लिंकिंग रुळल्यावर नेदरलँड्समध्ये केराटोकोनससाठी होणारी कॉर्निया रोपणं सुमारे पाव भागाने घटली. नॉर्वेत ऑस्लोच्या रुग्णालयात ती निम्म्यावर आली. नेत्रदानाची कायम चणचण असलेल्या आपल्या देशात याचा अर्थ किती मोठा! नागपूरजवळच्या खेड्यांतल्या पाहणीत २.३ टक्के प्रौढांची कॉर्निया-वक्रता ४८ डायॉप्टरच्या वर आढळली होती. तो निकष ढोबळ आहे, त्यातला प्रत्येक जण केराटोकोनसचा रुग्ण नसणार. तरीही आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आणि एक सवय, जी उपचारानंतरही सुटली नाही तर रोग पुन्हा उचल खाऊ शकतो: डोळे चोळणं. ॲलर्जीने खाज सुटते आणि मूल मुठीच्या पेरांनी डोळे रगडत राहतं. मार लागतो तो आधीच सैल पडलेल्या त्या अर्ध्या मिलिमीटरच्या पडद्याला. चांगले डॉक्टर म्हणूनच आधी ॲलर्जीचे थेंब चालू करतात आणि आईबाबांना सांगतात, झोपेत मुलाचा हात डोळ्याकडे जातो का ते काही रात्री जरा बघा.