लेपिडॉप्टेरा नेमका कुठे तोडायचा?

कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आपल्याकडे चोपडा-अमळनेरपासून शिरपूरपर्यंत लहान पोरालाही माहितीये, पण तिचा गण, म्हणजे पतंग-फुलपाखरांचा शास्त्रीय गट लेपिडॉप्टेरा, विचारला की अ‍ॅग्रीची हुशार पोरंसुद्धा 'लेपी... लेपीडो...' करत अडकतात. पोरांचा यात काही दोष नाही, असले शब्द कुठे तोडायचे हे वर्गात कुणी सांगतच नाही.

शब्द ग्रीक तुकड्यांचा आहे, लेपिडो म्हणजे खवले, प्टेरा म्हणजे पंख. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात अडकलेला पतंग चिमटीत धरा, बोटांना बारीक भुकटी लागते ना, तेच ते खवले. अर्थाची तोड ही झाली. पण बोलताना ती चालत नाही, कारण 'प्ट'ने सुरुवात करणं जिभेला जड जातं, मग तो प मागे सरकतो आणि होतं ले-पि-डॉप्-टे-रा, जोर डॉप् वर. हेलिकॉप्टरचंही तेच, आपल्याला वाटतं हेली अधिक कॉप्टर, पण खरी जोडणी हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं वळणारं आणि प्टर, तोच पंख.

म्हणजे शब्द दोनदा तोडायचा, एकदा अर्थासाठी, एकदा तोंडासाठी.

आता जोर. मराठीत जोर बदलला म्हणून शब्द बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे जातच नाही. इंग्रजीत मात्र जोर सरकला की स्वरही बदलतो, बिनजोराचा स्वर अर्धा गिळला जातो. मायक्रोस्कोपमध्ये जोर पहिल्या 'माय'वर, मायक्रॉस्कपीत 'क्रॉस्'वर, मायक्रस्कॉपिकमध्ये 'स्कॉ'वर. नियम सोपाय: लॉजी, ग्राफी, स्कोपी, मेट्रीने संपलं तर जोर तोंडासाठी तोडलेल्या तुकड्यांपैकी शेवटून तिसऱ्यावर, आणि 'इक'ने संपलं तर त्याच्या लगेच आधीच्यावर. थर्मॉमिटर, बॅरॉमिटर ही मोजायची यंत्रंसुद्धा शेवटून तिसऱ्यावरच, सेंटीमीटर मात्र एकक आहे, त्याचा जोर पहिल्यावर.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचं शास्त्र, ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी, हेही जमतं. ओटो कान, रायनो नाक, लॅरिंगो स्वरयंत्र. म्हणताना सुरुवात शेवटापासून करा आणि 'गॉ'वरचा जोर हलू देऊ नका: लजी, गॉलजी, रिंगॉलजी, लॅरिंगॉलजी, रायनोलॅरिंगॉलजी, ओटोरायनोलॅरिंगॉलजी.