द्विध्रुवीय विकाराचे वर्गीकरण

द्विध्रुवीय विकार, म्हणजेच बायपोलर डिसऑर्डर, हा भावस्थितीचा आजार. यात उन्माद (मॅनिया, म्हणजे अवाजवी उत्साहाची अवस्था) आणि नैराश्य यांचे कालखंड येतात आणि मधल्या काळात माणूस बऱ्याचदा पूर्ववत असतो. भारतात केसपेपरवर 'बीपीएडी' लिहिलेले दिसते. ही अक्षरे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणातील 'बायपोलर अफेक्टिव्ह डिसऑर्डर' या नावाची. तिथे या आजाराचा संकेतांक एफ३१ आहे.

उन्माद आणि खिन्नता ही एकाच आजाराची रूपे आहेत, हे १८५४ साली पॅरिसमध्ये फाल्रे आणि बायार्झे या डॉक्टरांनी वेगवेगळे मांडले आणि आधी कोणी सांगितले यावरून ते भांडलेही. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये लक्षणांपेक्षा आजाराच्या वाटचालीवर भर दिला. रुग्णाची उतरण चालूच राहते तो आजार एकीकडे (त्यालाच पुढे स्किझोफ्रेनिया म्हटले गेले), आणि येऊन-जाऊन असणारे उन्माद-नैराश्य दुसरीकडे. पण त्यांच्या या दुसऱ्या गटात नुसते नैराश्यही होते. ते वेगळे काढले जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल लेओनहार्ड यांनी, १९५७ मध्ये. अमेरिकन वर्गीकरणात 'बायपोलर' हे नाव १९८० साली डीएसएम-३ मधून (डीएसएम म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका) आले.

आज निदान ठरते ते उन्मादावरून. आठवडाभर टिकलेला किंवा रुग्णालयात दाखल करावे लागलेला उन्मादाचा एक झटकाही पहिल्या प्रकारासाठी (बायपोलर-१) पुरतो. नैराश्य आलेच पाहिजे असे नाही, म्हणजे नाव दोन ध्रुवांचे असले तरी एकावर भागते. दुसऱ्या प्रकारात (बायपोलर-२) किमान चार दिवसांचा सौम्य उन्माद आणि तीव्र नैराश्य, दोन्ही लागतात. पुढे कधी पूर्ण उन्माद आला, तर निदान पहिल्या प्रकारात जाते. मात्र दुसरा प्रकार म्हणजे हलका आजार, हा समज चुकीचा आहे, कारण त्यातले नैराश्य दीर्घ आणि जीवघेणे ठरू शकते. सायक्लोथायमिया या आणखी एका प्रकारात चढउतार सौम्य, पण दोन वर्षे किंवा अधिक चालणारे असतात.

डीएसएम-५ ने २०१३ मध्ये या विकाराला स्किझोफ्रेनिया आणि नैराश्य यांच्या मधोमध स्वतंत्र प्रकरण दिले. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ ने तो भावस्थितीच्या विकारांतच ठेवला, पण दुसऱ्या प्रकाराला स्वतंत्र जागा दिली.

प्रत्यक्षात गोंधळ होतो तो दवाखान्यात. रुग्ण बहुधा नैराश्यात असताना येतो. चार तास झोपून उत्साहाने कामे उरकणाऱ्याला डॉक्टरकडे कोण नेणार? त्यामुळे जुन्या सौम्य उन्मादाची चौकशी घरच्यांकडे केली नाही, तर कागदावर नुसते 'डिप्रेशन' राहते.