आंबेमोहोर की इंद्रायणी? पुणेकरांच्या ताटातले दोन सुवासिक भात

पुण्यात वाण्याकडे जाऊन नुसतं ‘वासाचा तांदूळ द्या’ म्हटलं की दोन पोत्यांकडे बोट जातं, आंबेमोहोर आणि इंद्रायणी. दोन्ही सुवासिक, दोन्ही शिजल्यावर मऊ, दोन्ही मावळ-मुळशीचे म्हणून विकले जाणारे. त्यामुळे बऱ्याच घरांत ही नावं एकमेकांच्या जागी खपतात आणि दुकानदारालाही ते सोयीचंच पडतं. प्रत्यक्षात आंबेमोहोर हा सह्याद्रीच्या पायथ्याला पिढ्यान्‌पिढ्या लावला जाणारा देशी वाण आहे, तर इंद्रायणी १९८७ साली प्रसारित झालेला सुधारित वाण. स्वयंपाकात, खिशात आणि हॉटेलच्या ताटात दोघांचं वागणं वेगळं आहे. ते माहीत नसलं की महागाचा तांदूळ आणूनही भात बिघडतो, आणि वर ‘हल्ली तांदळाला पूर्वीसारखा वास राहिला नाही’ अशी तक्रार सुरू होते.

दोघांत घोळ होतो याला कारण आहे. इंद्रायणी ही आंबेमोहोराचीच लेक. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ती तयार झाली. आयआर ८ म्हणजे फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आणलेला बुटका, भरघोस उत्पादनाचा वाण. हरितक्रांतीच्या काळात आशियाभर गाजला तोच. त्याला वास नव्हता आणि चवीबद्दलही कोणी फार बरं बोललं नाही, पण त्याचं बुटकेपण मोलाचं होतं. आंबेमोहोराचं रोप उंच वाढतं. मावळ-मुळशीचा पाऊस आणि वारा सगळ्यांना माहीत आहे. ओंबीत दाणा भरत आला की उंच भात लोळतं, आणि लोळलेलं भात चिखलात गेलं की दाण्याची प्रत जाते. त्यात उत्पादन मुळातच कमी, हेक्टरी दोन टनांच्या आसपास. इंद्रायणी बुटकी असल्याने उभी राहते आणि साधारण दुप्पट पिकते. आईचा वास बराचसा लेकीकडे आला, सगळा नाही. शेतकऱ्याने हिशोब केला आणि खाचरंच्या खाचरं इंद्रायणीची झाली. कामशेतपासून भोरपर्यंत आज तिचंच राज्य आहे. आंबेमोहोर मुळशीत आणि आसपास तुकड्या-तुकड्याने उरला आहे. त्यातही बरीच खाचरं आता फार्महाऊसच्या कुंपणाआड गेली आहेत. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मानांकनाने खाचर वाचत नाही.

दाणा हातात घेतला की फरक कळतो. आंबेमोहोर आखूड आणि जाडसर, लांबी साधारण साडेपाच मिलिमीटर, रुंदी दोनाच्या थोडी वर. दाणा ठिसूळ, त्यामुळे पोत्यात कणी जास्त. इंद्रायणीचा दाणा त्याहून लांब आणि सडपातळ. दोन्ही शेजारी तळहातावर ठेवले तर शंका उरत नाही. पंचाईत ही की दुकानात दोन्ही शेजारी मिळतातच असं नाही आणि एकटा दाणा बघून लांबी ठरवणं अवघड. एकदा दोन्हींची खात्रीची मूठ मूठ आणून दोन काचेच्या बाटल्यांत भरून ठेवावी. पुढच्या खरेदीच्या वेळी ताडून बघायला बरी पडते.

वासाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फसवणूक तिथेच होते. आंबेमोहोर, इंद्रायणी, बासमती या सगळ्यांच्या सुवासामागे मुख्यतः एकच रसायन आहे, २-असिटिल-१-पायरोलीन. बासमतीचं पान म्हणून लोक कुंडीत जे केवड्याच्या कुळातलं झाड लावतात, त्याच्या पानातही हेच असतं. म्हणून साध्या भातात ते पान टाकलं की भात ‘बासमती’ होतो. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात या सुवासावर बरंच संशोधन झालं आहे. हे द्रव्य उडून जाणारं आहे, ही आपल्या कामाची गोष्ट. भात कडक उन्हात जास्त वाळवलं, गिरणीत पांढराशुभ्र होईपर्यंत पॉलिश केलं, तांदूळ वर्षभर पडून राहिला, की वास उतरत जातो. कच्च्या आंबेमोहोराचा वास हलका असतो. मूठभर दाणे तळहातावर चोळून नाकाशी नेले की येतो, आणि आधणात पडले की खरा सुटतो. उलट पोतं उघडताच दुकानभर घमघमाट सुटला तर सावध व्हावं. वरून लावलेला वास पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच पाण्याबरोबर निघून जातो.

आंबेमोहोराच्या नावाखाली दुसरेच तांदूळ विकले जातात हेही आता गुपित नाही. छत्तीसगड-मध्य प्रदेशाकडचा जवाफूल, दक्षिणेतला जिरे सांबा हे बारीक, सुवासिक तांदूळ पुण्यात ‘आंबेमोहोर’ होऊन येतात. ते वाईट आहेत असं अजिबात नाही. जवाफूलाची खीर तर अप्रतिम होते. पण तो आंबेमोहोर नव्हे. दुकानातला संवाद साधारण असा असतो:

‘काका, हा मुळशीचा आहे का?’

‘ताई, आंबेमोहोरच आहे हा.’

प्रश्न गावाचा होता, उत्तर नावाचं आलं. इथे समजून जावं. भाव हीसुद्धा चांगली खूण आहे: ज्या तांदळाचं पीक निम्मं येतं तो इंद्रायणीच्याच भावात मिळत असेल, तर कोणीतरी दानधर्म करतंय किंवा तो आंबेमोहोर नाही. पाव किलो आणून शिजवून बघावा, मग पाच किलोचं बोलावं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती उगाच नाही.

आता जुना आणि नवा. ‘तांदूळ जुनाच घ्यावा’ हा नियम आपल्याकडे इतका पक्का बसलाय की त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. बासमतीला आणि कोलमला तो लागू आहे. मुरलेला तांदूळ पाणी जास्त पितो, फुलतो, मोकळा होतो. पण आंबेमोहोर मोकळ्या भातासाठी घेतच नाहीत! त्याची सगळी मजा वासात आणि मऊपणात आहे आणि दोन्ही नव्यात जास्त. आपल्याकडे भाताची काढणी दिवाळीच्या आगेमागे होते, नवा तांदूळ मार्गशीर्ष-पौषात बाजारात येतो. आंबेमोहोर घ्यायचा तर तेव्हा घ्यावा, थोडा घ्यावा आणि उन्हाळ्याच्या आत संपवावा. इंद्रायणीला मात्र तीन-चार महिने मुरू दिलेलं बरं. अगदी नवीची पाण्याचा अंदाज जरा चुकला की खळ होते, आणि मग घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, ‘आज भात केलाय की चिक्की?’ माझं मत विचाराल तर नीट मुरलेली, गावातल्या गिरणीवर सडून घेतलेली इंद्रायणी ही दोन वर्षं गोदामात पडलेल्या ‘अस्सल’ आंबेमोहोरापेक्षा केव्हाही सरस.

कुठून घ्यावा? मार्केट यार्डच्या भुसार बाजारात दोन्ही मिळतात, फक्त नीट विचारून घ्यावं लागतं. डिसेंबरात शिवाजीनगरला भरणाऱ्या भीमथडी जत्रेत बचत गटांच्या ताई स्वतःच्या भागातला तांदूळ घेऊन येतात. त्यांना गाव, गिरणी, काढणीचा महिना काहीही विचारता येतं आणि उत्तरं मिळतात. लोणावळ्याला जाता-येता कामशेतच्या गिरण्यांवर थांबणारे पुणेकरही पुष्कळ. हातसडीचा मिळाला तर घ्यावा, पण त्यात कोंडा राहतो आणि कोंड्यातलं तेल लवकर खवट होतं. वर्षाचा साठा त्याचा करू नये.

बाहेर जेवायला गेल्यावर ही दोन नावं कुठे भेटतात? थाळीच्या मोठ्या खाणावळींत बहुधा दोन्ही नाहीत, तिथला भात सहसा कोलमचा. त्यामागचं कारण कंजूषपणाचं नाही. मोठ्या पातेल्यात तासभर झाकून ठेवला तरी मोकळा राहील असा तांदूळ त्यांना लागतो. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी त्या पातेल्यात खालून गिच्च होते, वरून सुकते आणि वाढप्याच्या डावाला गोळे लागतात. म्हणूनच एखाद्या जागी इंद्रायणी मऊ, गरम आणि वाफाळती आली तर समजावं की तिथे भात थोडा थोडा, पुन्हा पुन्हा शिजवला जातोय. ताजेपणाची इतकी साधी खूण मेनूकार्डावर सापडत नाही.

इंद्रायणीचं नाव पाटीवर झळकतं ते मटण थाळीच्या हॉटेलांत. तिथे ती शोभतेही. काळ्या मटणाचा रस्सा कोलमवर ओतला की खाली ताटात पळतो, इंद्रायणीवर ओतला की भाताला धरून राहतो, बोटांनी कालवता येतो, घास बांधता येतो. फक्त पाटीवर विसंबू नये. वाढणाऱ्या दादांना ‘भात कुठला आहे?’ एवढं विचारलं की खरं उत्तर मिळतं, त्यांना लपवायचं काही नसतं. आंबेमोहोर मात्र हॉटेलात मी शोधतच नाही. तो घरचाच तांदूळ आहे: सुवास पहिल्या पाच मिनिटांत भरभरून येणारा आणि मऊपणा ताटात वाढेपर्यंतच टिकणारा.

घरी शिजवताना पहिला प्रश्न कुकरचा. इंद्रायणी कुकरमध्ये उत्तम होते. दोनदा हलक्या हाताने धुवायची, चोळायची नाही. मुरलेल्या इंद्रायणीला एका वाटीला सव्वादोन वाट्या पाणी, नवीला पावणेदोन ते दोन. कुकरच्या भांड्यात ठेवून तीन शिट्ट्या, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. घाईने शिटी उचलली की भात वरून ओला राहतो. झाकण काढल्यावर लगेच डाव घालू नये, पाच मिनिटं बसू द्यावा, मग कडेने सोडवावा.

आंबेमोहोराला कुकर लावणं मला पटत नाही. शिटीबरोबर वास शेजाऱ्यांकडे जातो, आपल्या ताटात उरतो तो भात. त्यासाठी जाड बुडाचं पातेलं हवं. वाटीला तीन वाट्या पाण्याचं आधण ठेवायचं, खळखळलं की धुतलेले तांदूळ वैरायचे, एकदा तळापासून ढवळून घ्यायचे. पाणी दाण्यांच्या पातळीला आलं, वर बारीक भोकं दिसायला लागली की आच अगदी मंद करून झाकण ठेवायचं. दहा मिनिटांनी गॅस बंद, आणि झाकण तसंच. वाढताना तूप, मेतकूट, लिंबाची फोड. यावर फोडणीची आमटी घालणं म्हणजे वासावर पाणी ओतणं. साधं वरण चालेल. आजारी माणसाची किंवा लहान बाळाची पेज करायची तर पाणी आठपट घ्यायचं आणि कणीच वापरायची. कणी लवकर शिजते, स्वस्त पडते, आणि वास तोच.

गुरगुट्या भात दोन्हींचा होतो, पण आंबेमोहोराचा ज्याने खाल्लाय तो इंद्रायणीचा खाताना गप्प राहतो. मसालेभातात उलटं. गोडा मसाला, तोंडली, ओलं खोबरं यांच्यापुढे आंबेमोहोराचा हलका सुवास हरतो आणि दाणाही मोडतो. मुरलेली इंद्रायणी, तुपावर परतून घेतलेली आणि पाणी थोडं कमी, इथे चांगली. पुलाव-बिर्याणीच्या वाटेला दोघांनीही जाऊ नये.

मोदकांच्या पिठीसाठी बायका वर्षानुवर्षं वाद घालत आल्या आहेत. पारीला चिकटपणा लागतो आणि तो नव्या तांदळात असतो. पण गणपती येतात भाद्रपदात, तोवर गेल्या हंगामाचा तांदूळ नऊ-दहा महिन्यांचा झालेला असतो. आंबेमोहोराची पिठी वासाला उत्तम, पण एवढी जुनी झाली की पाकळी चिरते. इंद्रायणीचा चिकटपणा तेव्हाही बऱ्यापैकी टिकलेला असतो. दोन वाट्या इंद्रायणीला एक वाटी आंबेमोहोर, धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून, बारीक दळून आणायचे. वासही येतो, पारीही वळते. उकड काढताना पाण्यात चमचाभर लोणी घालायचं आणि उकड गरम असतानाच मळायची, तिथे आळस केला तर कुठलाच तांदूळ मदतीला येत नाही.

उरलेल्या भाताचं काय, हाही एक फरक आहे. इंद्रायणी फ्रिजमध्ये रात्रभर ठेवली की दाणे घट्ट होतात, सकाळी हाताने मोकळे करून कांदा, दाणे, हिरवी मिरची घालून फोडणीचा भात झकास होतो. आंबेमोहोराचा फोडणीचा भात करायला गेलं की कढईत उपमा तयार होतो. त्याला दूध-दही घालून कालवावं, वरून जिरे-मिरचीची तुपातली फोडणी, आणि मीठ दही आंबट किती आहे ते बघून.