मुलाच्या अंगावर पित्त: खाण्याची अॅलर्जी की जुनाट पित्त?

मुलाच्या अंगावर गांधी उठल्या की घरात पहिला प्रश्न, "आज काय खाल्लं?" मग अंडं बंद, दाणे बंद, दूध बंद. एखाद-दुसऱ्या वेळी पित्त उठलं असेल तर हा प्रश्न रास्तच. पण सहा आठवडे उलटून गेले आणि जवळजवळ रोजच उठतंय, तर ते जुनाट पित्त, आणि त्याचं कारण ताटात सापडण्याची शक्यता फार कमी.

खाण्याच्या अॅलर्जीत पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत पित्त उठतं आणि तोच पदार्थ दिला की बहुधा पुन्हा उठतं. सोबत धाप लागली, आवाज बसला, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडलं, तर आमसुलाचं पाणी लावत बसू नका. तेव्हा अॅड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं. लगेच १०८ ला फोन करा.

जुनाट पित्ताचा खाण्याशी असा मेळ बसत नाही. सकाळी पोटावर, दुपारी काही नाही, रात्री मांडीवर. एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढून बघा. साधारणपणे ती २४ तासांच्या आत डाग न ठेवता विरते आणि नवी भलतीकडेच येते. तीच गांधी त्याहून जास्त टिकली, दुखली किंवा काळसर डाग राहिला, तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा; तो वेगळा आजार असू शकतो.

जुनाट पित्तात त्वचेतल्या मास्ट पेशी बाहेरचं काही कारण नसतानाही हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडत राहतात. म्हणून अॅलर्जीच्या महागड्या तपासण्यांतून सहसा काही हाती लागत नाही. रिपोर्टमध्ये गहू 'पॉझिटिव्ह' आला म्हणजे पित्त गव्हाने उठतंय असं नव्हे. तेवढ्यावरून वाढत्या वयातल्या मुलाची पोळी बंद करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उपचारही वेगळा. खाण्याच्या अॅलर्जीत तो पदार्थ टाळायचा. जुनाट पित्तात सेटिरिझिन, लोराटाडिनसारखं कमी गुंगी आणणारं औषध वय-वजनाप्रमाणे रोज द्यायचं, पित्त उठो वा न उठो. उठलं की देणं आणि बसलं की थांबवणं, इथेच बऱ्याच घरांत उपचार फसतो. तेवढ्याने भागलं नाही तर तज्ज्ञ डोस चौपटीपर्यंत वाढवू शकतात. बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी ओमालिझुमॅबचं इंजेक्शनही आहे. स्टेरॉइड मात्र डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि मोजके दिवस. तापासाठी आयब्युप्रोफेन देण्याआधीही विचारा, काही मुलांत त्याने पित्त भडकतं.