टीसीबरोबर पत्र्याचा इतिहासही पाठवा
सिम्युलेशनचे काम देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अशुद्धीच्या अणूंचा धातूच्या विरूपणावर होणारा परिणाम संगणकावर अणूंचे मॉडेल करून तपासून घेण्यासाठी आमच्याकडे येणारी बहुतेक कामे एकाच कागदासह येतात, आणि तो कागद म्हणजे मिलचे टेस्ट सर्टिफिकेट (टीसी). त्यात कार्बन, नायट्रोजन, गंधक, फॉस्फरस यांची टक्केवारी असते आणि काम सुरू करायला तेवढे पुरे, असे ग्राहक गृहीत धरतात. मात्र टीसीवरून अणू किती आहेत तेवढेच कळते. ते कोठे बसले आहेत याचा त्यात उल्लेख नसतो, आणि धातू सरळ ताणला जाईल की तडकेल, हे बऱ्याच अंशी त्या जागेवर अवलंबून असते.

मागे एका प्रेस शॉपने आम्हाला एकाच कॉइलमधून कापलेल्या पत्र्याच्या दोन भागांविषयी विचारले होते. कॉइल आली त्याच आठवड्यात काढलेले नग गुळगुळीत निघाले. उरलेला पत्रा तीन महिन्यांनी घेतला तेव्हा त्याच डायमध्ये, नगाच्या कमी ताणलेल्या सपाट बाजूवर, बोट फिरवले तर जाणवतील अशा तिरप्या पट्ट्या उठल्या. टीसी एकच असल्यामुळे आम्ही दोन्ही मॉडेलमध्ये कार्बनचे अणू सारखेच विखरून टाकले, आणि साहजिकच दोन्हींचे उत्तर सारखेच आले. तो पत्रा अख्खा उन्हाळा शेडमध्ये पडून होता, हे चौथ्या आठवड्यात फोनवर बोलता बोलता कळले आणि सगळी गणना पुन्हा करावी लागली. हे आम्हीही आधी विचारायला हवे होते. तेव्हापासून आमच्या मागणीपत्रकात ‘पत्र्याचा इतिहास’ हा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय आम्ही काम हाती घेत नाही.

कारण असे, की लोखंडात कार्बनचा अणू स्फटिकजालाच्या फटीत दाटीवाटीने बसलेला असतो. डिसलोकेशनजवळ, म्हणजे अणूंच्या रांगांतील जो दोष सरकल्याने धातू आकार बदलतो त्याच्याजवळ, जाल ताणलेले असल्याने तेथे त्याला ऐसपैस जागा मिळते. म्हणून वेळ आणि ऊब मिळाली, की हे अणू तेथे गोळा होतात आणि डिसलोकेशनला जखडून ठेवतात. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये मांडलेली ही उपपत्ती आजही आमच्या रोजच्या कामाचा पाया आहे. मिलमध्ये शेवटी दिलेल्या सुमारे एक टक्का स्किन पासमुळे (रोलरमधून हलक्या दाबाच्या फेरीमुळे) पत्र्यात मोकळी डिसलोकेशन्स तयार होतात आणि ताजा पत्रा एकसारखा ताणला जातो. पडून राहिलेल्या पत्र्यात तीही जखडली जातात, आणि मग ताण एखाद्या ठिकाणी एकदम सुटून पट्टीच्या रूपाने पुढे सरकतो.

सिम्युलेशन जास्त वेळ चालवले तर अणू आपोआप योग्य जागी जाणार नाहीत का, असे बरेच जण विचारतात. साध्या तापमानाला लोखंडातील कार्बनचा अणू एका फटीतून शेजारच्या फटीत साधारण सेकंदाला एकदा उडी मारतो. मॉलिक्युलर डायनॅमिक्समधील, म्हणजे अणूंची हालचाल क्षणाक्षणाने मोजणाऱ्या आमच्या पद्धतीतील, एक पायरी सुमारे एका फेम्टोसेकंदाची असते, दहा लाख पायऱ्या मोजल्या की एक नॅनोसेकंद भरतो, आणि एका सेकंदात असे शंभर कोटी नॅनोसेकंद असतात. म्हणजे आमची सर्वांत लांब गणना संपली तरी तो अणू बहुधा जागचा हललेला नसतो. म्हणून आधी माँटे कार्लो पद्धतीने (अणूंच्या जागा यादृच्छिकपणे बदलून संभाव्य मांडणी शोधून), तुम्ही कळवलेल्या इतिहासाप्रमाणे, अणू त्यांच्या जागी बसवावे लागतात आणि त्यानंतरच मॉडेल ताणता येते. या पहिल्या टप्प्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो, त्यावर काही ग्राहक नाराज होतात. पण उत्तराची दिशा ठरते ती याच टप्प्यात, आणि तो गाळून केलेले स्वस्त काम आम्हाला तुमच्या हाती द्यायचे नाही.

याच वेळेच्या गणितामुळे आम्ही मेगापास्कलमधील यील्डचा (धातू कायमचा ताणला जाऊ लागतो त्या बिंदूचा) आकडाही देत नाही. एका नॅनोसेकंदात एक टक्का ताण म्हणजे तुमच्या यूटीएमवरील (ताण-चाचणीच्या यंत्रावरील) नेहमीच्या वेगाच्या सुमारे एक हजार कोटी पट वेग झाला. कोणता अणू डिसलोकेशनला अधिक घट्ट धरतो आणि कोणत्या जागी, ही तुलना मात्र आम्ही विश्वासाने देऊ शकतो.

नायट्रोजनचेही असेच आहे. ॲल्युमिनियम-किल्ड (ॲल्युमिनियम घालून ऑक्सिजन काढलेल्या) स्टीलमध्ये तो नायट्राइडच्या रूपात बांधलेला आहे की मोकळा, हे टीसीवरील एकूण आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी कॉइलिंगचे, म्हणजे मिलमध्ये गरम पत्रा गुंडाळतानाचे, तापमान लागते. तांब्यातील बिस्मथ तांब्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि कणसीमांवर, म्हणजे स्फटिककणांमधील सांध्यांवर, जाऊन बसतो. तो कणांच्या आत विखरून टाकला, तर ठिसूळ तारही मॉडेलमध्ये चांगलीच दिसेल.

पीपीएम (दहा लाखांत किती भाग) लिहिताना तो वजनाचा की अणुसंख्येचा, हेही लिहावे. लोखंडात वजनाने १० पीपीएम कार्बन म्हणजे दहा लाख अणूंत सुमारे ४६ अणू, तर तांब्यात वजनाने १० पीपीएम बिस्मथ म्हणजे जेमतेम ३.

टीसीबरोबर अनीलिंगचे (पत्रा तापवून मऊ करण्याचे) तापमान व वेळ, स्किन पासची टक्केवारी आणि तारीख, आणि पत्रा कोठे, किती दिवस पडून होता, एवढे कळवावे. माहिती अपुरी असेल तर मागणी देण्यापूर्वी फोन करावा. त्या बोलण्याचे आम्ही पैसे घेत नाही. पत्रा आठ-दहा दिवसांत वापरून किंवा इंटरस्टिशियल-फ्री (फटींत मोकळा कार्बन-नायट्रोजन नसलेले) स्टील घेऊन तुमची अडचण सुटणार असेल, तर तसे आम्ही तेथेच सांगतो. नमुन्याचा तुकडा पाठवत असाल तर त्यावर कापल्याची तारीख लिहावी आणि तो उन्हात किंवा भट्टीजवळ ठेवू नये.