हातावर पोट असणाऱ्यांची मतदार नोंदणी: नाव गावात ठेवायचे की कामाच्या ठिकाणी?

अर्ज भरण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे तुमचे 'सर्वसाधारण वास्तव्य' कुठे आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 च्या कलम 20 नुसार काही काळ बाहेर गेल्याने गावचे वास्तव्य संपत नाही. बीडहून गाळप हंगामापुरते साखर कारखान्यावर जाणाऱ्या कोयत्याचे (ऊसतोड करणाऱ्या जोडप्याचे) नाव म्हणूनच गावच्या यादीत राहते. उलट, गावात नुसते घर आहे एवढ्यावर तिथले वास्तव्य सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षे पुण्या-मुंबईत बांधकामावर राहणाऱ्याने नाव तिकडे हलवणे योग्य.

बरेच जण हलवत नाहीत. गावच्या यादीतले नाव गेले की घरकुल, रेशन जाईल अशी भीती असते. पण मतदार यादीचा रेशनकार्डाशी संबंध नाही. सरपंच आणि पुढाऱ्यांशी असलेली ओळख मात्र खरी असते, आणि अडीअडचणीला तीच कामी येते. शहरातला नगरसेवक नाव यादीत नसलेल्या वस्तीकडे फिरकत नाही, हेही तितकेच खरे.

पहिल्यांदाच नोंदणी असेल तर नमुना 6 भरा. पात्रतेसाठी वर्षात चार तारखा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. त्या दिवशी 18 वर्षे पूर्ण हवीत. नाव आधीच कुठे असेल तर नमुना 8. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. शहरात शिबिर लागते, कोणीतरी घाईत नमुना 6 भरून देतो, आणि एकच माणूस दोन याद्यांत येतो. कलम 17 आणि 18 नुसार हे चालत नाही, आणि 'माझे नाव दुसरीकडे नाही' असे खोटे लिहून देणे हा कलम 31 खाली गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

पत्त्यासाठी आधार, बँक किंवा पोस्टाचे पासबुक, वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. नाक्यावरच्या मजुराकडे नोंदणीकृत करार क्वचितच असतो, म्हणून पासबुकावरचा पत्ता आधी बदलून घ्यावा. बेघर असाल तर पत्त्याचा पुरावा लागत नाही; बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) रात्री येऊन तुम्ही तिथेच झोपता का ते पाहतो. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा पडताळणीला कोणी भेटत नाही म्हणून. दिवसभर साइटवर असाल तर बीएलओला फोन करून वेळ ठरवा. तरीही नकार आला तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते यादीत नाव चढत नाही, त्यामुळे निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. मदतीसाठी 1950 हा क्रमांक आहे.

मतदानाला मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, रोजगार हमीचे जॉबकार्ड किंवा फोटो असलेले पासबुक चालते. ई-श्रम कार्ड आणि रेशनकार्ड चालत नाही. मतदार चिठ्ठी नुसती दाखवूनही भागत नाही.

सुट्टीचा प्रश्न वेगळाच. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 135ब नुसार रोजंदारीवरच्या मजुरालाही मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळते. न देणाऱ्या मालकाला दंड मात्र 500 रुपयांपर्यंतच, एका मजुराच्या दिवसाच्या हजेरीपेक्षा फार जास्त नाही. ऊसतोडीत तर मजुरी टनावर आणि उचल आधीच घेतलेली. त्या दिवसाचा पगार किती, हे मोजायला कागदच नसतो.

बीडमध्ये 2024 चे लोकसभा मतदान 13 मे रोजी होते, तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या परतलेल्या होत्या. विधानसभेचे 20 नोव्हेंबरला, म्हणजे ऐन टोळ्या हलण्याच्या दिवसांत. टपाली मतदानाची सोय स्थलांतरित मजुरांना नाही. निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये पक्षांपुढे दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना ठेवला, पण तो प्रत्यक्षात आलेला नाही. त्यामुळे टोळी नेणाऱ्या मुकादमाशी निघण्याची तारीख ठरवतानाच मतदानाची तारीख पुढे ठेवा. एकदा गाडी निघाली की परतीचे भाडे आणि बुडालेली तोड दोन्ही तुमच्याच खिशातून जातात.